डाएट सोडा कशाच्या जागी, यावर सारे

रामबागेत बहिणीच्या घरी मागच्या अंगणात पाण्याने काठोकाठ भरलेली एक बालटी ठेवलेली होती (इंदूरच्या मराठी घरांत बादलीला बालटीच म्हणतात) आणि सातवीतला भाचा तिच्यात दोन कॅन सोडण्याच्या तयारीत होता. दोन्ही कॅन एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे आणि दोन्हींत ३०० मिलिलिटर पेय. फरक एवढाच की एकात साधा कोला होता आणि दुसऱ्यात डाएट. साधा कॅन सरळ तळाशी जाऊन बसला. डाएटचा कॅन एक गटांगळी खाऊन वर आला आणि बालटीच्या कडेला टेकून तरंगत राहिला. "मामा, याच्यात हवा जास्त भरली आहे का?" असे भाच्याने विचारले. ओट्यावर बसलेले भाऊजीही कान देऊन ऐकत होते, कारण डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर असल्याचे सांगितल्यापासून, म्हणजे गेले सहा महिने, ते रोज डाएट सोडा पीत होते आणि वजनकाट्यावरचा आकडा मात्र होता तिथेच होता.

दोन कॅनमधला हा फरक हवेमुळे नव्हे. हवेची पोकळी दोन्ही कॅनमध्ये जवळपास सारखीच असते. साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १०.६ ग्रॅम साखर विरघळलेली असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये जवळपास ३२ ग्रॅम, चहाचे सात चमचे तरी सहज. एवढी साखर विरघळल्यावर ते पेय पाण्यापेक्षा जड होते आणि कॅन बुडतो. डाएट कॅनमध्ये तेवढाच गोडवा आणायला पाव ग्रॅमच्या आसपास पदार्थ पुरतो, त्यामुळे ते पेय जवळजवळ पाण्याइतकेच जड राहते, आणि मग तीच हवेची पोकळी कॅनला तरंगत ठेवायला पुरते. डाएट सोड्याच्या बाजूने जे काही म्हणता येईल, ते सगळे या ३२ ग्रॅमांच्या फरकात आहे.

गोडवा आणि साखर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही या विषयातली पहिली पायरी. जिभेवर गोड चव ओळखणारे ग्राही असतात आणि त्यांना साखरेशिवाय इतरही काही रेणू चेतवू शकतात. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे, ॲसेसल्फेम पोटॅशियमही जवळपास तितकेच, आणि सुक्रॅलोज सुमारे ६०० पट. डाएट पेयांत बहुधा यांपैकी दोन एकत्र वापरतात, कारण एकट्याची चव मागाहून कडवट किंवा धातूसारखी लागते. शरीरात गेल्यावर यांच्या वाटा निराळ्या होतात. ॲस्पार्टेमचे पचन होऊन दोन अमिनो आम्ले आणि अत्यल्प मिथेनॉल तयार होते. सुक्रॅलोजचा बराचसा भाग न शोषला जाताच बाहेर पडतो. ॲसेसल्फेम लघवीवाटे जसेच्या तसे निघून जाते. ॲस्पार्टेमच्या एका ग्रॅममध्येही चार कॅलरी असतात, पण ते इतके थोडे लागते की त्यांचा हिशेब ठेवण्याची गरज पडत नाही. उष्णतेने मात्र ते हळूहळू विघटित होते, म्हणून मे महिन्यात उन्हात पडून राहिलेल्या डाएट पेयाची चव फिकी लागली तर दुकानदाराने पाणी मिसळले, असे समजण्याचे कारण नाही.

या पदार्थांचे शोध बहुतेक अपघाताने लागले, आणि त्यांतला एक अपघात आपल्या घरचा वाटावा असा आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत कॉन्स्टंटिन फालबर्ग प्रयोगशाळेतून हात न धुता जेवायला बसला आणि त्याला सॅकरिन सापडले. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधाचे काम करीत असताना कागद उचलण्यासाठी त्याने बोट जिभेला लावले आणि ॲस्पार्टेम हाती आले. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे भारतीय तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून संयुगे तयार करीत होते. त्यांतले एक संयुग तपासून पाहण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते चाखून पाहण्यास सांगितले असे ऐकले, आणि खरोखरच चाखले. हेच पुढे सुक्रॅलोज म्हणून बाजारात आले. इंग्रजीतले test (तपासणे) आणि taste (चाखणे) हे दोन शब्द देवनागरीत लिहायचे झाले तर दोन्ही 'टेस्ट' असेच लिहावे लागतात, हे लक्षात घेतले की फडणीसांची चूक फारशी चूक वाटत नाही.

आता वजनाचा हिशेब. ३२ ग्रॅम साखर म्हणजे सुमारे १२८ कॅलरी. रोज एक साधा कोला पिणाऱ्याने त्याच्या जागी डाएट घेतला, तर वर्षाला ४६ हजारांवर कॅलरी वाचतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात असे धरले, तर कागदावर वर्षात सहा किलो वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात एवढे कुणाचे उतरत नाही. शरीर म्हणजे वाण्याची वही नव्हे, की एका रकान्यातून वजा केलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात जशीच्या तशी दिसावी. एकीकडे कमी पडलेल्या कॅलरींची काही भरपाई भूक दुसरीकडून करून घेते, आणि वजन घटू लागले की शरीराचा रोजचा खर्चही थोडा घटतो.

हे किती प्रमाणात होते, ते नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून कळते. त्यात ४ ते ११ वर्षे वयाची ६४१ मुले होती. त्यांतल्या निम्म्यांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटर साखरेचे पेय दिले आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण बिनसाखरेचे. कुणाला काय मिळते ते मुलांनाही ठाऊक नव्हते आणि मोजणाऱ्यांनाही नव्हते. साखरेच्या पेयातून रोज १०४ कॅलरी जात होत्या. वाढीच्या वयात वजन दोन्ही गटांचे वाढलेच, पण साखरवाल्यांचे सरासरी ७.३७ किलो आणि बिनसाखरवाल्यांचे ६.३५ किलो. फरक एका किलोचा. कागदी हिशेबाने तो सात किलोंच्या आसपास यायला हवा होता. तरीही दुसरे काहीही न बदलता केवळ एका पेल्याने पडलेला एक किलोचा फरक मी लहान मानत नाही. आणि या प्रयोगातल्या मुलांना पेल्यात काय आहे हे माहीत नव्हते, म्हणून "मी डाएट प्यायलो आहे, आता एक जिलबी चालेल" असे म्हणण्याची सोयही त्यांना नव्हती.

भाऊजींना ती सोय होती, पण त्याकडे नंतर वळू. त्याआधी वर्तमानपत्रांतून दर काही महिन्यांनी छापून येणाऱ्या बातमीचे कोडे सोडवले पाहिजे. एकदा छापून येते की डाएट पेयांनी वजन घटते, आणि थोड्या दिवसांनी छापून येते की डाएट पेये पिणाऱ्यांत लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतो. बातम्या दोन्ही खोट्या नसतात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या अभ्यासांतून आलेल्या असतात. पहिल्या प्रकारात संशोधक स्वतः चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट पाडतात आणि कुणी काय प्यायचे ते ठरवून देतात. दुसऱ्या प्रकारात हजारो लोकांना ते काय खातात-पितात ते विचारले जाते आणि पुढची अनेक वर्षे त्यांना काय आजार होतात याची नोंद ठेवली जाते. या दुसऱ्या प्रकारात डाएट सोडा कोण निवडतो हा प्रश्न आड येतो. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. सडपातळ कॉलेजकुमार साधा कोला उचलतो. डाएटचा कॅन मागतात ते बहुधा चाळिशी ओलांडलेले, ज्यांना डॉक्टरांनी नुकतीच तंबी दिली आहे किंवा ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह होता. अशा माणसांना पुढे मधुमेह झाला तर तो डाएट सोड्याने झाला म्हणणे हे छत्री घेतलेले लोक अधिक भिजतात, म्हणून पाऊस छत्रीने पडतो म्हणण्यासारखे होईल. संशोधक आकडेमोडीतून हा दोष काढण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिचा अर्थ याच पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा आजारांचा धोका कमी करण्यासाठी बिनसाखरेचे गोडकारक वापरू नयेत, असे संघटनेने सुचवले. चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांत, जे बरेचसे तीन महिन्यांच्या आतले होते, वजनात सरासरी पाऊण किलोच्या आसपास घट दिसली होती, आणि ती मुख्यतः साखरेच्या जागी हे पदार्थ दिले तेव्हाच. उलट दीर्घकाळ चाललेल्या निरीक्षणांत धोका वाढलेला दिसला होता. संघटनेने आपल्या सूचनेला 'सशर्त' हे विशेषण लावले ते याच निवड-दोषामुळे, आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना तिच्यातून वगळले. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरलेल्या निरोपांतून ही दोन्ही वाक्ये गळून गेली होती.

मग डाएट सोडा आणि साधे पाणी यांत काय? इथे निकाल एका बाजूचा नाही. अमेरिकेत ३०३ जणांवर झालेल्या प्रयोगात, जिथे सगळेच वजन कमी करण्याच्या शिस्तबद्ध कार्यक्रमात सामील होते, एका वर्षानंतर डाएट पेये घेणाऱ्यांचे वजन ६.२ किलोंनी आणि पाणी पिणाऱ्यांचे २.५ किलोंनी घटलेले आढळले. या प्रयोगाचा खर्च तिथल्या पेय-उत्पादकांच्या संघटनेने उचलला होता. तेवढ्याने निकाल खोटा ठरत नाही, पण वाचताना ते ध्यानात ठेवलेले बरे. इराणमध्ये स्थूल महिलांवर झालेल्या २४ आठवड्यांच्या प्रयोगात उलटे झाले: दुपारच्या जेवणानंतर पाणी पिणाऱ्यांचे वजन ८.८ किलोंनी आणि डाएट पेय घेणाऱ्यांचे ७.६ किलोंनी उतरले. दोन्हींतून मला एवढेच घ्यावेसे वाटते की ज्यांना गोड पेयाची तल्लफ आवरत नाही, त्यांना डाएट सोडा शिस्तीत राहायला मदत करू शकतो. ज्यांना तशी तल्लफ मुळात नाही, त्यांनी पाणी सोडून त्याच्याकडे वळण्यात काहीच लाभ नाही.

कर्करोगाची भीती सर्वांत मोठी, म्हणून तिच्याबद्दल नेमके सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला '२ब' गटात, म्हणजे 'कर्करोगास कारण असण्याची शक्यता' असलेल्यांत घातले. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही '२ब' गटातच आहे. पहिल्या, म्हणजे पुरावा सर्वांत पक्का असलेल्या गटात तंबाखू आहे, दारू आहे, आणि आपण जेवणानंतर अगदी निर्धास्तपणे तोंडात टाकतो ती सुपारीसुद्धा आहे. ॲस्पार्टेमच्या नावाने घाबरून कॅन बाजूला सारणारे आणि त्याच हाताने सुपारी कातरणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्याच दिवशी अन्नातील पदार्थांची छाननी करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच, शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले, तर सत्तर किलोंच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात ९ ते १४ कॅन लागतील. फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्यांना मात्र ॲस्पार्टेम थोडेही चालत नाही. कॅनवर बारीक अक्षरांत जी सूचना असते, ती त्यांच्यासाठी.

आतड्यांतल्या जिवाणूंवर होणाऱ्या परिणामांचा प्रश्न अजून खुला आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २०२२ मध्ये १२० निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात सॅकरिन आणि सुक्रॅलोज दोन आठवडे घेतल्यावर, ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीत रक्तशर्करा काहींमध्ये वाढलेली दिसली, काहींमध्ये दिसली नाही.

दातांच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. साखर काढली म्हणून सोडा दातांना निरुपद्रवी होत नाही. साखर नसल्याने कीड लावणाऱ्या जिवाणूंना खाद्य मिळत नाही हे खरे, पण फॉस्फरिक किंवा सायट्रिक आम्ल डाएट कॅनमध्येही असतेच. दाताचे वरचे कवच पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते आणि कोला प्रकारच्या पेयांचा पीएच अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असतो. त्यामुळे टीव्हीसमोर तासभर घोट-घोट पिणे हे एका बैठकीत संपवण्यापेक्षा वाईट, आणि पिऊन झाल्यावर लगेच दात घासणे त्याहून वाईट, कारण मऊ झालेले कवच ब्रशाने खरवडले जाते. कोल्यात कॅफिनही असते. रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कॅन उघडणाऱ्याने झोप लागत नाही म्हणून तक्रार करू नये.

सराफ्याचे नाव निघालेच आहे, तर आता भाऊजींकडे वळतो. दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर त्याच ओट्यांपुढे ठेले लागतात, आणि हिवाळ्यात तिथे गराडू असतो: कंदाचे जाड तुकडे आधी तळून ठेवलेले, गिऱ्हाईक आले की पुन्हा कढईत सोडून कडक केलेले, वर लिंबू आणि जीरावन मसाला. मी भाऊजींबरोबर गेलो त्या रात्री त्यांनी गराडू घेतला, पाठोपाठ भुट्ट्याचा कीस, आणि दोन्हींबरोबर मोठ्या समाधानाने डाएटचा कॅन. द्रोण रिकामा झाला तेव्हा त्याच्या तळाशी पिवळसर तेलाचा ओघळ साचला होता, आणि तो मी त्यांना वाकवून दाखवला. तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, साखरेच्या दुपटीहून अधिक; म्हणजे एका मोठ्या चमच्याएवढे, चौदा ग्रॅम तेल पोटात गेले की डाएट कॅनने वाचवलेल्या १२८ कॅलरी वसूल झाल्या. "मी निदान साखर तर टाळतो ना?" असे भाऊजी म्हणाले. तेवढ्यात शिकंजी आली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे. आटवलेले दूध, साखर, केशर आणि सुकामेवा यांचे ते दाट पेय चमच्याने खावे असे असते.

भाऊजींच्या वजनाचे कोडे अशा रीतीने सुटले, पण एका गोष्टीत ते बरोबर होते. साध्या कोल्याचे ३२ ग्रॅम त्यांच्या रक्तात जाणे बंद झाले होते, आणि काठावरच्या साखरेच्या माणसाला त्याचे मोल आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगते. एक साधा कॅन ही दुसरी मर्यादा एकटाच ओलांडतो. म्हणून जो रोज साधा कोला पितो, त्याला मी डाएटकडे वळा असेच सांगेन. जो ताक, पन्हे किंवा नुसते माठातले पाणी पितो, त्याला निरोगी राहण्यासाठी डाएट सोडा सुरू करा असे सांगण्याचे कारण मला दिसत नाही. पन्ह्यात आणि बाजारच्या गोड लस्सीत साखर किती पडते तेही या हिशेबात धरावे, कारण घरची साखर रक्तात जाऊन वेगळी वागत नाही. लहान मुलांना डाएटची गोडी लावू नये. दूध आणि पाणी यांच्या जागी आम्ल आणि कॅफिन देण्यात त्यांचा काही फायदा नाही.

आपल्याकडे करआकारणीही या दोन कॅनमध्ये भेद करीत नाही. साखर असो वा गोडकारक, अशा पेयांवर सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, आणि त्याआधीही अधिभार धरून तेवढाच होता. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या पेयांवर कर लावला, तेव्हा तिथल्या उत्पादकांनी पेयांतली साखर आपणहून उतरवली. इथे दुकानदारापुढे उभे राहणाऱ्याला किंमत पाहून काहीच कळत नाही, कॅन उलटा करून लेबलच वाचावे लागते.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकवून आणि कॅन नाकाजवळ धरून: साखर शून्य, ऊर्जा जवळजवळ शून्य, खाली गोडकारकांची नावे. मग त्यांनी मला विचारले, "आणि शिकंजीचं लेबल कुठे असतं?" मी काही बोलण्याआधीच भाचा बालटीकडे बघत म्हणाला, "बाबा, शिकंजी कॅनमध्ये मिळाली असती तर आपण तीसुद्धा सोडून पाहिली असती."